मायचा हात

बालाघाट,
२३ जून १९६८

चि. दुलीचंद यास,

लीलाबाईचा जयभीम अन् आशीर्वाद.

माय बरी हाय. आभाळ आलं की दमा उठते, तेवढंच. तुह्या भाऊजीचा पाय अजून दुखते, गल्ल्यावर बसून राह्यतात. खुशाली इतकीच. आता ज्याच्यासाठी कागद घेतला ते सांगते.

आपल्या भोजनालयात जेवणाऱ्या दोघाईले मोतीझिरा झाला. तुम्ही लोक त्याले टायफॉइड म्हणता. एक बैहरच्या बसचा कंडक्टर, दुसरा तेंदूपत्त्याच्या गोदामातला मुनीम. दोघंबी वाचले, पण वाळून काड्या झाले. गेल्या साली एकाले झालता, तवा आम्ही ध्यान देलं नाई. आता स्टेशनवर लोकं बोलून राह्यले, तिथी जेवू नका म्हणून. एकानं तं तुह्या भाऊजीच्या तोंडावर म्हटलं, "उनके हाथ का खाओगे तो और क्या होगा?" भाऊजी घरी आले, ताटावर बसले अन् तसेच उठले.

नगरपालिकेचा सफाई दरोगा आलता. माणूस भला हाय. पण म्हणे, "बाई, अब की बार किसी को हुआ तो मुझे ताला लगाना पड़ेगा."

तुले आठवते का, मायनं दीक्षेनंतर हे भोजनालय काढलं तवाचे दिवस? आपले बाबा आधीच गेलते. भात शिजून बसला राहे अन् खाणारं कोणी नाई. रातचे आपणच खाओ. मंग आपले हमाल लोकं आले, मंग ड्रायव्हर आले, आता तं कॉलेजचे पोरं येतात, कोणी जात पुसत नाई. ते सगळं या तापानं जाईन काय, याचं भेव वाटते.

तू दवाखान्यात रोज काचेतून जंतू पाहतं. मले सांग, तो कुठी बसते? मी त्याले घासून काढते.

तुही बहीण,
लीला

•

नागपूर,
३० जून १९६८

आदरणीय लीलाबाई,

सप्रेम जयभीम.

तुझं पत्र वाचून आमच्या प्रयोगशाळेतल्या डॉक्टरसाहेबांना विचारलं. घाबरू नको. जंतू म्हणजे भूत नाही. तो कुठून येतो आणि कशाने मरतो हे आता माणसाला ठाऊक आहे. टायफॉइडचा जंतू पाण्यातून, माशांच्या पायांतून आणि न धुतलेल्या हातांतून अन्नात जातो. तेव्हा असं कर. विहिरीत परमँगनेटची लाल दवाई टाक, आणि प्यायचं पाणी खळखळ उकळून गाळून ठेव. पाणी काढायला लांब दांड्याचं ओगराळं घे, कोणी गडवा बुडवू नये. फडकी रोज उकळत्या पाण्यात टाक. ओटा आणि मोरी ब्लीचिंग पावडरने धू. खिडक्यांना जाळी बसव. आणि मुख्य म्हणजे साबण. स्वयंपाकाला हात लावण्याआधी आणि बाहेर जाऊन आल्यावर प्रत्येकाने साबणाने हात धुवायचे. राख नाही, माती नाही. मायनेसुद्धा.

भाऊजींना म्हणावं, असल्या बोलण्याकडे लक्ष देऊ नका. जंतूला जात कळत नाही. तो ज्याचा त्याचा हात पाहून येत नाही.

एवढं केलंस की ताप थांबेल, हे मी तुला लिहून देतो.

तुझा,
दुलीचंद

•

बालाघाट,
२८ जुलै १९६८

चि. दुलीचंद यास,

जयभीम अन् आशीर्वाद.

तुह्या सांगण्यासारखं सगळं केलं. भिंतीले चुना मारला. जाळ्या लागल्या. भांडे घासणाऱ्या आनंदीचा अन् माहा दिवस आता ब्लीचिंगच्या वासात जाते. ही आनंदी उकव्याची, तिचा नवरा खदानीत दबून मेला, पोटासाठी इथी आली. मोठी कामाची हाय.

मायनं साबण पाह्यला अन् हासली. म्हणे, "राखडीनं निंघत नाई असं काय लागलं वं माह्या हाताले?" पण धुते बिचारी. उकळलेलं पाणी पाहून म्हणे, "हे का दवाखाना हाय, का लोकं बिमार हायेत?" तरी चुलीवर पाण्याचा गुंड तीच मांडते. एक गोष्ट ऐकत नाई. भात पळीनं वाढत नाई. हातानंच वाढते. म्हणे, पळीनं वाढलं तं माणसाले मोजून देल्यासारखं वाटते.

दरोगा आलता. मोरी पाह्यली, जाळी पाह्यली, म्हणे बड्या हॉटेलातबी इतकी सफाई नाई. अन् पाय दुली, माणसं वाढले! प्रेमलाल नावाचा एक पोरगा येते, लालबर्ऱ्याकडच्या पवार किसानाचा. कॉलेजात शिकते, खोली करून राह्यते. पहिले मागच्या फळीवर पाठ करून बसे, गावचं कोणी पाहीन म्हणून. आता पुढं बसते. मायले "बुढी माय" म्हणते. घरी सांगतलं नाई त्यानं आपल्याकडं जेवतो म्हणून. म्हणते, माझ्या मायले सहन होणार नाई. मायनं हे ऐकलं तं रागावली नाई. म्हणे, "सांगू नको बाप्पा. तू जेव."

त्याले वाढतानी माय कसी दिसते ते तू एकदा पाह्य.

तुही,
लीला

•

बालाघाट,
१९ ऑगस्ट १९६८

दुली,

पुन्हा झालं. एक तारघराचा शिपाई अन् एक आपल्याच मोहल्ल्यातलं पोरगं. दोघाईचा ताप उतरतच नाई, डॉक्टर म्हणे मोतीझिराच.

मी काय नाई केलं ते सांग. विहीर पुन्हा साफ केली. दूधवाला बदलला. हिरव्या सांबाराच्या जुड्या अन् मिरच्याबी लाल दवाईच्या पाण्यात धुते. ब्लीचिंगनं माह्या बोटाची सालं निंघाले, मीठ लागलं की आग होते. तरी तो जंतू कुठून येऊन राह्यला? मी ओटा धुते, वाळला की वाटते अजून बसून हाय, मंग पुन्हा धुते. भाऊजी म्हणतात, लीले, आता बस कर. मले बस करता येत नाई.

माय तं जेवणाऱ्याईच्या तोंडाकडं पाहत राह्यते, कोणाचं तोंड उतरलं काय म्हणून.

तू लिहून देलतं ना, थांबीन म्हणून?

लीला

•

नागपूर,
२६ ऑगस्ट १९६८

आदरणीय लीलाबाई,

सप्रेम जयभीम.

मी लिहून दिलं होतं. मला ते लिहायला नको होतं.

साहेबांना पुन्हा सगळं सांगितलं. ते म्हणाले, "जागा स्वच्छ आहे, पाणी स्वच्छ आहे, मग माणसं तपासा." बाई, काही माणसांना टायफॉइड होऊन जातो. ती बरी होतात, धडधाकट होतात, पण जंतू त्यांच्या पित्ताशयात मुक्काम करून राहतो. वर्षानुवर्षं. त्यांना स्वतःला काहीच होत नाही. जंतू शौचावाटे मधूनमधून बाहेर पडतो आणि हात कितीही धुतला तरी कधीतरी नखाच्या कोपऱ्यात राहून अन्नात जातो. शिजलेल्या ऊन अन्नात तो मरतो. पण चटणी, मठ्ठा, निवालेला भात यांत वाढतो. गेल्या वर्षी इथल्या एका लग्नकार्यात असंच झालं होतं. तिथले आचारी पिढ्यान्‌पिढ्या सोवळ्यात स्वयंपाक करणारे होते. तपासणीत त्यांच्यातलाच एक निघाला.

तुमच्याकडे बाहेरून आलेलं माणूस म्हणजे आनंदी. मला तिचाच संशय येतो. तिची तपासणी होईपर्यंत तिला कामावर येऊ देऊ नको. आणि आठवून सांग, तुमच्यापैकी कोणाला पूर्वी कधी असा लांबलेला ताप आला होता का?

तुझा,
दुलीचंद

•

बालाघाट,
२४ सप्टेंबर १९६८

चि. दुलीचंद यास,

तुहं पत्र आलं त्याच दिवशी आनंदीले घरी पाठवलं. ती दारातच उभी राह्यली. म्हणे, "माहं काय चुकलं ते तं सांगा." तिनं दोन्ही हात माह्यापुढं केले. "पाह्य ना बाई, घाण हायेत काय?" मी म्हटलं, नाई वं, घाण नाई. मंग काहून, म्हणे. मी आत निंघून आली.

त्याले आता महिना होत आला. अन् परवापासून प्रेमलालले ताप हाय. डॉक्टर म्हणतात तोच. म्हणजे आनंदी नव्हती, दुली. आपण तिचं पोट उगाच तोडलं.

तू पुसलं होतं, कोणाले पहिले ताप आलता काय. मले कधी नाई, भाऊजीले नाई. आनंदीले पुसाले गेली तं तिनं दारच उघडलं नाई, पण आता तिचं काम नाई.

मायले आलता. बाबा गेले त्या साली. तू लहान होता, मामाकडं गोंदियाले ठेवलं होतं तुले. बाबाईले आधी आला, मंग मायले. बाबा गेले तवा ती तापातच पडून होती, तिले त्याईचं तोंडबी पाहाले भेटलं नाई. उठली तवा केसं गळून गेलते. मोतीझिराच म्हणत होते सगळे.

आता पुढं मले लिहता येत नाई. तूच सांग.

लीला

•

नागपूर,
२७ सप्टेंबर १९६८

आदरणीय लीलाबाई,

दसऱ्याला मायला घेऊन दीक्षाभूमीवर येच. येताना तिचे चार दिवसांचे कपडे घे. तू परत जा, ती माझ्याकडे राहील. दम्यासाठी तपासून घेतो म्हणून सांग. दुसरं काही बोलू नको. अजून काहीच नक्की नाही. मी आनंदीच्या बाबतीत चुकलो तसा इथेही चुकत असेन.

तोवर तिला चटणीला हात लावू देऊ नको. काहीतरी निमित्त काढ.

दुलीचंद

•

बालाघाट,
१३ ऑक्टोबर १९६८

दुली,

प्रेमलाल गेला.

तापाचं औषध सुरू होतं, उतारबी होता. मंग एकदम पोट दगडासारखं झालं. डॉक्टर म्हणे, आतडं फुटलं. त्याचे मायबाप लालबर्ऱ्याहून आलते. मी दवाखान्याच्या फाटकापाशी उभी होती, आत जायाची हिंमत झाली नाई. बैलगाडीत नाई, ट्रकमधी नेलं त्याले, भाताच्या पोत्यावर कपडा टाकून.

माय तुह्याकडून आली ते स्टेशनवरच कोणीतरी तिले सांगतलं. घरी आली अन् चुलीपुढं बसली. चूल पेटवली नाई. सारखी म्हणते, मले त्याच्या मायकडं घेऊन चाल. मी म्हणते, जाऊ.

तिची तपासणी काय निंघाली? तू एक अक्षर लिहलं नाई. मायच्या हाती चिठ्ठीबी देली नाई. मी पत्राची वाट पाहून राह्यली.

लीला

•

नागपूर,
२५ ऑक्टोबर १९६८

आदरणीय लीलाबाई,

माय आहे.

पहिला निकाल ती इथे असतानाच आला होता. मला वाटलं बाटली बदलली असेल. दुसऱ्यांदा केला. तिसऱ्यांदा साहेबांना करायला लावला, माझ्या हातावर माझाच विश्वास नव्हता म्हणून. तिन्ही वेळा तेच. बाबांना घेऊन गेला तो ताप मायच्या पोटात राहिला आणि इतकी वर्षं तिने तो न कळता सांभाळला.

पहिला निकाल घेऊन मी खोलीवर गेलो तेव्हा तिने माझ्यासाठी भात करून ठेवला होता. मठ्ठा केला होता. ताटात हाताने भात वाढला आणि म्हणाली, "वाळला रे तू." बाई, मी जेवलो. आम्ही लॅबवाले टोचून घेतलेले असतो, मला बहुधा काही होणार नाही. पण मी त्यासाठी जेवलो नाही. मला "नको" म्हणता आलं नाही. तिला गाडीत बसवलं तेव्हाही सांगता आलं नाही. म्हणून हे काम आता तुझ्यावर टाकतोय.

औषध आहे, पण बहुतेकांत जंतू परत येतो. खात्रीचा उपाय म्हणजे ऑपरेशन करून पित्ताशय काढणं. सर्जनसाहेबांनी तिचा दमा पाहिला आणि म्हणाले, टेबलावरून उठण्याची खात्री देत नाही. मी पुन्हा विचारलं. ते पुन्हा तेच म्हणाले.

तेव्हा तिने यापुढे दुसऱ्यांसाठी रांधायचं नाही, वाढायचं नाही. दुसरा मार्ग नाही. कामावर जो कोणी असेल, त्याने टोचून घ्यावं. दरोग्याला सांगावं का हे मला ठरवता येत नाही. सांगायला हवं. पण सांगितलं की स्टेशनवरचे ते लोक काय म्हणतील ते तुलाही माहीत आहे, मलाही.

तिला सांग की यात तिचा दोष नाही. कसं सांगशील ते मला कळत नाही.

दुलीचंद

•

बालाघाट,
८ नोव्हेंबर १९६८

दुली,

सांगतलं.

सकाळी ती पाट मांडून कांदे कापाले बसली होती. मी विळी तिच्यापुढून सरकवली. म्हटलं, "माय, हात लावू नको." इतकंच म्हटलं मी पहिले. पुढचं बोलाच्या आधीच तिनं माह्याकडं पाह्यलं. दुली, ते पाहणं मी मरेपर्यंत विसरत नाई.

मंग सगळं सांगतलं, तू लिहलं तसं. पित्ताची पिशवी, जंतू, बाबाईचा ताप. ती ऐकत राह्यली. मंग म्हणे, "लहान होती तवा विहिरीवर म्हणत, हात लावू नको. लगीन झालं तवा दुकानात म्हणत, हात लावू नको, दुरून सांग. दीक्षा घेतली तवा मले वाटलं, संपलं. आता माही लेक म्हणते."

मी म्हटलं, माय, ते अलग होतं, हे अलग हाय. ते झूठ होतं. हे बिमारी हाय, बाम्हनालेबी होते.

म्हणे, "हौ. पण ते म्हणत होते तवा माह्या मनात होतं की हे झूठ हाय. त्याच्या भरोशावर मी जगली. आता तू म्हणतं की खरं हाय. आता मी कायच्या भरोशावर जगू?"

तुले याचं उत्तर देता आलं असतं काय, दुली?

मंग तिनं पुसलं, "प्रेमलालले मीच मारलं काय वं?" मी नाई म्हणाले पाह्यजे होतं. माहं तोंड उघडलंच नाई. अन् तिले जे समजाचं ते समजलं.

तवापासून ती मागच्या खोलीत राह्यते. आपली थाळी, आपला गडवा अलग करून घेतला. कोणी सांगतलं नाई तिले. मी पाणी देलं तं ओंजळ पुढं करते, वरून ओत म्हणते. मी ओरडली तिच्यावर, "असं नको करू, आम्ही तुह्या थाळीत जेवलो तरी काई होत नाई, फक्त रांधू नको." मानतच नाई. अर्धं समजली ती, अर्धं नाई. का पुरं समजली अन् आम्हालेच समजत नाई, कोण जाणे.

भाऊजीनं दरोग्याले सांगतलं. मी नाई म्हणत होती, तेच म्हणे, पोरगं मेलं लीले, आता लपवाचं नाई. दरोगा म्हणे, बुढीले चुलीपासून दूर ठेवा, मी ताला लावत नाई, अन् कोणाले सांगतबी नाई. पण त्याच्याबरोबर आलेल्या माणसानं सांगतलंच. आता जेवाले आपले हमाल लोकं येतात, बाकी फळ्या खाली. पहिल्यासारखंच झालं.

आनंदीकडं गेली होती. यावेळी दार उघडलं. मी पाया पडली. ती म्हणे, येते. पण पहिल्यासारखी बोलत नाई माह्याशी.

लीला

•

नागपूर,
१७ नोव्हेंबर १९६८

आदरणीय लीलाबाई,

सप्रेम जयभीम.

मायला माझ्याकडे पाठव. इथे तिला कोणी ओळखत नाही. मी तिच्या ताटात जेवेन, तिच्यासमोर बसून. पुन्हा औषध देऊन पाहू. साहेब म्हणाले, एखाद्याला लागू पडतंही.

तिला हे वाचून दाखव. माय, तुझा हात घाण नाही. तुझ्या हातावरच आम्ही वाढलो. आजार तुझ्या पोटात आहे, तुझ्या जन्मात नाही. जे तुला पूर्वी म्हणत होते ते जंतूबद्दल बोलत नव्हते. त्यांना जंतू माहीतच नव्हता. तू त्यांना यात बरोबर ठरवू नकोस.

बाई, हे लिहितोय आणि मलाच वाटतंय की हे शिकलेल्या माणसाचं बोलणं आहे. तरी वाचून दाखव.

दुलीचंद

•

बालाघाट,
९ डिसेंबर १९६८

चि. दुलीचंद यास,

आशीर्वाद.

तुहं पत्र वाचून दाखवलं. तिनं पुन्हा वाचाले लावलं. मंग म्हणे, "बरा लिहते दुली." नागपूरले येत नाई म्हणते. म्हणे, पहिले लालबर्ऱ्याले घेऊन चाल. मी टाळत होती. शेवटी परवा गेलो.

बसनं उतरून पायी गेलो. धानाची कापणी सुरू हाय, खळ्यात मळणी सुरू हाय. प्रेमलालचं घर मोठं, पुढं आंगण. त्याची माय शेवंताबाई ओट्यावर सूप घेऊन बसली होती. मी सांगतलं, आम्ही बालाघाटहून आलो, स्टेशनजवळच्या भोजनालयातून. तिनं सूप खाली ठेवलं. मायकडं पाहून म्हणे, "तुम्हीच काय त्या? बुढी माय?"

त्याले दवाखान्यात बोलता येत होतं तवा त्यानं तिले सगळं सांगतलं होतं. लपवून जेवत होतो म्हणून माफी मागे म्हणे.

मायनं हात जोडले. जे बोलाले आली होती ते एका दमात बोलली. "बाई, तुमचा लेक माह्या हातानं गेला. माह्या पोटात बिमारी हाय. मले मालूम नव्हतं. मालूम असतं तं मी त्याले वाढलं नसतं."

शेवंताबाई ऐकत राह्यली. मंग म्हणे, "असं नका बोलू. बुखार आला, घेऊन गेला. आमच्या गावातबी मोतीझिऱ्यानं पोरं मरतात. इथी तुमच्या हातचं कोण खाते?"

माय म्हणे, "नाई बाई, डॉक्टरनं पाह्यलं. माह्या लेकानंच पाह्यलं काचेतून."

"राहू द्या," ती म्हणे. "लोकं पहिलेबी काईबाई सांगाले आलते, कोणाच्या हातचं खाल्लं म्हणून असं झालं म्हणत. मी त्याईले हाकललं. आता तुम्हीच तेच सांगता?"

मी समजवाले गेली. तुह्या पत्रातलं सगळं सांगतलं. तिनं माह्याकडं पाह्यलंबी नाई. तिचं ध्यान मायवरच होतं. मंग ती उठली अन् मायले म्हणे, "मजूर येऊन राह्यले जेवाले. बाया कमी हायेत. चला अंदर, भात वाढू लागा."

आत चुलीपाशी बाया होत्या, त्याईचे हात थांबले. एक म्हातारी काईतरी बोलली, मले समजलं नाई. शेवंताबाई तिच्याकडं वळून म्हणे, "माझ्या लेकानं खाल्लं. आता या घरात बाटाले काय राह्यलं?" अन् मायसाठी वाट सोडून उंबऱ्यापाशी उभी राह्यली.

दुली, मायच्या आख्ख्या जिंदगीत असल्या घरानं तिले आत ये म्हटलं नव्हतं. रांधनीत तं नाईच नाई. मी बाजूले उभी होती. तिनं पाय उचलला, ते मी पाह्यलं. मंग तिनं दोन्ही हात पदरात घातले अन् मागं सरकली.

"नाई बाई," म्हणे. "मले नाई जमत."

शेवंताबाईचं तोंड एकदम पडलं. "शिवाशिवीचं अजून मनात हाय तुमच्या," म्हणे. "राहीनच. आम्ही कमी केलं काय तुम्हाले?"

माय नुसती मान हलवत राह्यली, नाई, नाई म्हणून. जे सांगाचं ते तिचं सांगून झालं होतं, अन् त्या बाईनं ते मानलं नव्हतं. आता दुसरं काय सांगाचं?

मंग तिनं आम्हाले ओट्यावर बसवलं. पळसाच्या पत्रावळी मांडल्या. नव्या धानाचा भात आणला अन् आपल्या हातानं वाढला. पुन्हा आणला, पुन्हा वाढला. माय खाली मान घालून जेवत राह्यली, बस म्हटलं नाई तिनं. इतकं ती कधी जेवत नाई. शेवंताबाई पुढं उभी राहून रडत होती. तिले वाटत होतं, बुढी आता तरी मनातलं काढून टाकीन.

घरी आल्यावर मी पुसलं, नागपूरले जातं काय. हौ म्हणे. तं पुढच्या आठवड्यात घेऊन येते.

पण तू मले एक सांग. तू शिकेल हाय, मोठमोठ्या डॉक्टराईसोबत राह्यतं. त्या बाईले कसं समजवाचं होतं? मी बसमधी पुरा रस्ता विचार केला. मले काई सुचलं नाई.

तुही बहीण,
लीला